‘आयटीआय करू की दुकानावरच राहू?’ : गाडीच्या साउंडचं काम शिकू पाहणाऱ्या पोरांसाठी एक खुलं पत्र

प्रति,
व्यवसाय शिक्षण खात्याचे अधिकारी,
विदर्भातल्या शासकीय आयटीआयचे प्राचार्य,
आणि संस्था व्यवस्थापन समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत आमच्या दुकानांवर बाप-लेकांच्या जोड्या येऊ लागतात. वणी असो, पांढरकवडा, आर्वी, मेहकर की ब्रह्मपुरी, चित्र एकच. पोराला गाडीतल्या साउंडचं वेड असतं. मोबाइलवर पाहून त्यानं घरच्या ट्रॅक्टरवर डेक (गाणी वाजवायचा संच) चढवलेला असतो. बाप कास्तकार असतो आणि त्याचा प्रश्न ठरलेला असतो : ‘भाऊ, याले आयटीआयत टाकू का तुमच्याजवळ ठेवू?’

आम्ही तालुक्याच्या गावी गाड्यांचं वायरिंग आणि साउंड बसवणारे कारागीर आहोत. आमचं उत्तर ‘आयटीआय कर’ असंच आहे. पण त्याच्या मागोमाग एक ‘पण’ येतो, आणि तो समजावता समजावता बापाचा धीर सुटतो. तो ‘पण’ पुसणं आपल्या हातात आहे. आम्हाला शिकलेले हात हवे आहेत, गिऱ्हाइकाला न पेटणारी गाडी हवी आहे, आणि त्या पोराला दोन वर्षं वाया न घालवता पोटाला लावणारं काम हवं आहे. पत्र उघड लिहितो आहोत, ते त्या बापांनाही वाचता यावं म्हणून.

आधी कामाबद्दल सविस्तर सांगू द्या. ‘डेक-स्पीकर लावणं’ म्हणून हे काम हलक्यात धरलं जातं, आणि पुढच्या सगळ्या तक्रारींचं मूळ तिथं आहे.

समजा एका हॅचबॅकमध्ये ५०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा) मोनो, एकाच चॅनलचा ॲम्प (आवाज वाढवणारं यंत्र) आणि १२ इंची वूफर (बासचा स्पीकर) बसवायचा आहे. क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या ॲम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तो बॅटरीकडून ६२५ वॅट ओढणार. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरले, तर करंट झाला ४५ अँपिअर. बॉनेटपासून डिकीपर्यंत वायर लागते साधारण ५ मीटर. ती २१ चौरस मिलिमीटरची, म्हणजे ४ गेजची, शुद्ध तांब्याची असेल तर वाटेत ०.२ व्होल्टसुद्धा पडत नाही. ८ चौरस मिलिमीटरचं तांबं असेल तर अर्धा व्होल्ट पडतो. तेवढ्याच जाडीची सीसीए, म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर असेल, तर पाऊण व्होल्टाहून जास्त पडतो, कारण तिची वाहकता तांब्याच्या ६०-६५ टक्केच असते. हा पडलेला पाऊण व्होल्ट ४५ अँपिअरनं गुणला की ३५ वॅटच्या आसपास उष्णता होते, आणि ती वायर गालिच्याखालून गेलेली असते. तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच किटवर ‘४ गेज’ छापलेलं असतं; आत जाड प्लास्टिक आणि बारीक सीसीए. ब्लेडनं तार खरवडली की आतून पांढरी निघते. एवढी साधी परीक्षा, पण ती करायची असते हेच पोराला कोणी सांगितलेलं नसतं.

आता फ्यूज. तो बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पला वाचवतो. पाच मीटर वायरीला वाचवतो तो बॅटरीजवळचा. बॉनेटमधून केबिनमध्ये वायर नेताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेचं कडं) बसवलं नाही, तर आपल्याकडच्या रस्त्यांवर कंपनानं इन्सुलेशन कापलं जातं आणि प्लस बॉडीला लागतो. फ्यूज डिकीत लावलेला असेल तर बॅटरी आणि त्या शॉर्टच्या मधे अडवायला काहीच नसतं. १२ व्होल्टाला शॉक लागत नाही म्हणून घरगुती वायरिंग शिकलेला पोरगा निर्धास्त हात घालतो. शॉर्ट झाल्यावर हीच बॅटरी शेकडो अँपिअर देते, पाना चिकटवते, बोटातली अंगठी लाल करते.

अर्थिंगचं तसंच. बॉडीचा रंग खरवडून चकाकता पत्रा काढायचा, रिंग लग नीट क्रिंप करायचा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा, वर ग्रीस किंवा रंग मारायचा म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही. वायर अर्ध्या मीटरच्या आत आणि प्लसइतकीच जाड. तपासणी साध्या मीटरच्या ओहम रेंजवर होत नाही, कारण इतका कमी रोध तो दाखवूच शकत नाही. गाणं जोरात चालू ठेवून ॲम्पचा मायनस आणि बॅटरीचा मायनस यांच्यात डीसी व्होल्ट मोजायचे, ०.१ व्होल्टाच्या वर गेले तर जोड कच्चा. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज चढतो, त्यामागे बहुतेक वेळा असा कच्चा जोड असतो, नाहीतर आरसीए केबल (डेकपासून ॲम्पपर्यंत सिग्नल नेणारी) पॉवर केबलला खेटून नेलेली असते. पोरगा मात्र डेक बदलून बघतो, मग ॲम्प बदलून बघतो, आणि गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा जातात.

ॲम्पवरचं गेनचं (आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं) बटण हे आवाजाचं बटण नाही, हे कळायला दुकानावर दोन-दोन वर्षं जातात. ५०० वॅटला वूफरच्या २ ओहमनं गुणा, वर्गमूळ काढा, ३१.६ आलं. वूफरची वायर काढून ठेवा, डेकचा आवाज तीन-चतुर्थांशावर, बास-ट्रेबल शून्यावर, ५० हर्ट्झचा टोन लावा आणि ॲम्पच्या आउटपुटवर ३१.६ एसी व्होल्ट येईपर्यंत गेन उघडा. तिथंच थांबा. त्यापुढे गेलं की आवाजाची लाट वरून-खालून कापली जाते आणि व्हॉइस कॉइल (वूफरमधली तारेची गुंडाळी) तापून जळते. जळका वास आलेला वूफर घेऊन गिऱ्हाईक येतं आणि कंपनीला नावं ठेवतं.

ॲम्पच्या पेटीवर ‘३००० वॅट’ छापलेलं असतं ते तपासायलाही गणित आहे. फ्यूज बघायचा. एकच ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर ३० गुणिले १३.८, म्हणजे ४१४ वॅट आत शिरू शकतात. क्लास एबी, म्हणजे जास्त वीज उष्णतेत घालवणारा ॲम्प असेल तर त्यातले साठ टक्के बाहेर येतील, २५० वॅट. ३००० कुठून येणार?

बेसची पेटी बनवणाऱ्याला घनफळ आलं पाहिजे. बाहेरून २० बाय १५ बाय १४ इंचांची पेटी म्हणजे २.४३ घनफूट. पण १८ मिलिमीटरच्या एमडीएफची जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली की आत उरतात १.८४. चवथा हिस्सा जाडीतच गेला. त्यातून वूफरच्या मागच्या अंगाची जागा आणि पोर्टची (हवा जायच्या नळीची) जागा वजा करायची. हे न करता बाहेरच्या मापावर पेटी ठोकली की बास घुमतो, ठोका लागत नाही. आणि ड्युअल कॉइलचा ४ अधिक ४ ओहमचा वूफर समांतर जोडला तर २ ओहम होतो, एकामागे एक जोडला तर ८. ब्रिज केल्यावर, म्हणजे दोन चॅनल एकत्र जोडल्यावर, किमान ४ ओहम मागणाऱ्या ॲम्पला २ ओहमचा भार दिला की तो प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो, किंवा जातच नाही आणि जळतो.

आता ज्या गोष्टींत गाडीपेक्षा माणसाचा प्रश्न आहे. २०२१-२२ पासून नव्या कारमध्ये पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या झाल्या. बऱ्याच गाड्यांत बाजूचे आणि पडद्याचे एअरबॅगही असतात. पडद्याचा एअरबॅग काचेजवळच्या खांबातून वर छताकडे जातो, आणि ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) लावायला पोरांना हाच खांब आवडतो. वायर किंवा स्क्रू एअरबॅगच्या वाटेत आला तर तो उघडताना अडकतो, नाहीतर ट्वीटर गोळीसारखा सुटतो. पिवळं कपलर (एअरबॅगच्या तारांचा जोड) दिसलं की हात मागे घ्यायचा, बॅटरीचा मायनस काढायचा, मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचं, आणि त्या तारांना टेस्ट लॅम्प किंवा ओहममीटर कधीही लावायचा नाही. बहुतेक हॅचबॅकची पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते. तिथं ॲम्प कसायला लांब सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारणारे हात आम्ही धरलेले आहेत. ‘आधी गाडीखाली वाकून बघ’ हे वाक्य कोणत्या फळ्यावर लिहिलं जातं का, हे आम्हाला जाणून घ्यायचं आहे.

आपल्या भागाचे म्हणून खास प्रश्न वेगळेच. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीत साध्या पीव्हीसी टेपचा गोंद वितळून चिकट लगदा होतो आणि जोड उघडे पडतात. म्हणून डाख, त्यावर हीट श्रिंक, आणि वायरिंगला कापडी टेप. सीटखाली गालिच्यात गुंडाळलेला ॲम्प उन्हाळ्यात तासाभरात थर्मलवर, म्हणजे फार तापून आपोआप, बंद पडतो; चारही बाजूंना दोन बोटं हवा लागते. दाराचा पॅड काढताना आतला प्लास्टिकचा पडदा फाडून टाकला की जुलैत स्पीकरमध्ये आणि पायाशी पाणी. ट्रॅक्टरवर स्पीकरचा कागदी कोन टिकत नाही, पॉलीचा (प्लास्टिकचा) कोन आणि रबरी सराउंड (कोनाभोवतीची कड) लागतो, डेकला रबराच्या गाद्या लागतात. ट्रक २४ व्होल्टाचे. तिथं दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून डेक चालवण्याची रीत सर्रास आहे. त्यात ती एक बॅटरी कायम भुकेली राहते, दुसरीला जास्त चार्ज मिळतो, आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. खरा उपाय आहे २४ ते १२ चा कन्व्हर्टर. वणी-वरोऱ्याच्या कोळशाच्या रस्त्यावर असे किती ट्रक आहेत, ते आपणच मोजा.

हे सगळं मांडलं ते एवढ्यासाठी, की या कामात हातकसबाचा भाग कमी आणि ओहमच्या नियमाचा भाग जास्त आहे. दुकानावर राहिलेला पोरगा हात शिकतो: पॅड न मोडता काढणं, वायर लपवणं, डॅशबोर्डच्या क्लिपा ओळखणं. पण ‘का’ शिकत नाही, कारण उस्तादालाही ते कोणी शिकवलेलं नसतं. ‘आपल्याकडे असंच लावतात’ म्हणून डेकची पिवळी (कायम चालू) आणि लाल (चावीवर चालू होणारी) वायर एकत्र पिळली जाते, किंवा ॲम्पची रिमोट वायर (डेकबरोबर ॲम्प चालू-बंद करणारी) कायम चालू असलेल्या प्लसवर जोडली जाते. रिकामा बसलेला ॲम्पही साधारण एक अँपिअर खातो. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दीड दिवसात झोपते. गिऱ्हाईक नवी बॅटरी घेतं. गाडी बंद असताना ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च ठीक, त्यापुढे गळती, हे मीटर मालिकेत लावून मोजणारा पोरगा तालुक्यात शोधावा लागतो.

आणि मोजायला कोण शिकवतं? आयटीआयच शिकवतो. म्हणून आमचं उत्तर ‘कर’ असं आहे. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या दोन वर्षांत पोराचा सोल्डरिंगचा हात बसतो, मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप ओळखीचे होतात, पॉवर सप्लाय कळतो. हाच पोरगा पुढे जळलेला ॲम्प उघडून मॉसफेट (आतले ताकदीचे ट्रान्झिस्टर) बदलू शकतो, आणि हे काम करणारे हात जिल्ह्याच्या ठिकाणीही मोजके आहेत. मेकॅनिक ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स हा एक वर्षाचा ट्रेड बॅटरी, अल्टरनेटर, सेन्सर, वायरिंगचा नकाशा वाचणं शिकवतो. आम्हाला विचाराल तर साउंडच्या वाटेनं जाणाऱ्यानं आधी हा घ्यावा. तो जवळ नसेल तर इलेक्ट्रॉनिक्स. इलेक्ट्रिशियन चांगला ट्रेड आहे, पण त्यातून आलेल्याला घरातली सवय मोडावी लागते. घरात अर्थिंग आणि न्यूट्रल वेगवेगळे, गाडीत मात्र सारा पत्राच मायनस.

आता तो ‘पण’, म्हणजे आमच्या तक्रारी.

सगळ्यात मोठी ही, की आयटीआय आणि दुकान यांच्या मधलं अंतर कोणाचंच नाही. ट्रेड पास झालेला पोरगा आमच्या बाकावर येतो तेव्हा त्याला ओहमचा नियम पाठ असतो, पण डेकच्या मागच्या कपलरमधली पांढरी वायर पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची, काळी रेघ असेल ती मायनस, हे त्यानं पाहिलेलं नसतं. कॅन बस (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांना एकमेकांशी बोलू देणारं जाळं) हा शब्द त्यानं परीक्षेत लिहिलेला असतो. स्टीअरिंगवरची बटणं चालू ठेवून डेक कसा बदलायचा, कोणता डिकोडर लागतो, कुठं मूळ डेक काढूच नये आणि त्याच्या स्पीकर लाइनवरूनच सिग्नल घेऊन डीएसपी (आवाज जुळवणारा डिजिटल प्रोसेसर) लावावा, हे त्याला माहीत नसतं. नवं काम सगळं तिकडं चाललं आहे. डीएसपीवर आवाजाची वेळ जुळवायची तर ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो एवढं कळावं लागतं. ड्रायव्हरच्या कानापासून उजवा स्पीकर डाव्यापेक्षा ६० सेंटिमीटर जवळ असेल तर त्याला पावणेदोन मिलिसेकंद मागे ठेवायचं. पाया असलेल्या पोराला हे शिकवायला दोन दिवस पुरतात. पण ते दोन दिवस कुठंच ठेवलेले नाहीत.

दुसरी तक्रार शिकाऊ उमेदवारीची. कायदा १९६१ चा. आजच्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं, ४ ते २९ माणसांच्या आस्थापनांना ऐच्छिक. चारच्या खाली दारच बंद. तालुक्यातलं साउंडचं दुकान म्हणजे एक उस्ताद आणि एक पोऱ्या. जिथं हे काम खऱ्या अर्थानं शिकता येतं, त्याच जागा नियमाच्या बाहेर राहतात. केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिना १५०० रुपयांपर्यंत, वाटा सरकार उचलतं. तो नागपूर-बुटीबोरीच्या कारखान्यातल्या पोराला मिळतो, दारव्ह्याच्या दुकानातल्या पोराला मिळत नाही. दुकानदार त्याला कागदाविना ठेवतो, पोरगा तीन वर्षं राबतो, आणि बँकेत मुद्रा कर्जाला गेला की अनुभवाचा पुरावा म्हणून दाखवायला त्याच्याजवळ काही नसतं.

प्रवेशाच्या वेळी मार्गदर्शनच होत नाही. ऑनलाइन अर्जात ट्रेडची नावं असतात. त्यातून पुढं कोणतं काम उघडतं हे पोराला कोणी सांगत नाही. साउंडची आवड असलेला पोरगा मैत्राच्या मागे फिटरला जातो, मन लागत नाही, मधूनच सोडतो. ऑटो इलेक्ट्रिकलसारखे ट्रेड प्रत्येक तालुक्यात नाहीत, हे आम्ही समजू शकतो. पण कुठल्या गावात आहेत आणि तिथं वसतिगृह आहे का, हे एका कागदावर मिळायला काय हरकत आहे?

या रिकाम्या जागेत शहरातले खासगी वर्ग शिरले आहेत. सगळे वाईट नाहीत. पण फी भरण्याआधी बापानं तीनच गोष्टी विचाराव्यात: शिकायला प्रत्यक्ष गाड्या किती, एका गाडीवर पोरं किती, आणि पोराच्या स्वतःच्या हातानं पूर्ण बसवलेल्या सिस्टिम किती होतील. गुळमुळीत उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवावेत.

आता आमचं मागणं. दोन वर्षांचा ‘कार ऑडिओ’ ट्रेड काढा, असं आम्ही म्हणत नाही, आणि कोणी म्हटलं तर आमचा विरोध राहील. आपल्या भागात साउंडचं काम दिवाळीत आणि लग्नसराईत येतं. कापूस विकला की गाडी सजते. मधले महिने रिव्हर्स कॅमेरा, सेंट्रल लॉक, प्रवासी गाड्यांचं जीपीएस, ई-रिक्षाचं वायरिंग यांवर निघतात. नुसतं साउंड शिकलेला पोरगा पावसाळ्यात उपाशी राहील. आधी पाया, मग त्यावर साउंड.

म्हणून मागणी अशी, की ऑटो इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मोटर व्हेईकल किंवा वायरमन पास झालेल्यांसाठी ‘१२ व्होल्ट वाहन वायरिंग आणि ऑडिओ’ असा तीन महिन्यांचा, ३०० तासांचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू करा. अभ्यासक्रम दिल्लीत ठरतात हे उत्तर आम्हाला पटणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यानं ४०० शासकीय आयटीआयमध्ये अल्पमुदतीचे वर्ग सुरू करण्याचा कार्यक्रम जाहीर केला; म्हणजे मार्ग तयार आहे. पहिल्या वर्षी विदर्भात चार-पाच ठिकाणी करून पाहा. वर्ग ऑगस्ट ते ऑक्टोबर ठेवला तर दिवाळीच्या कामाला पोरगा तयार असतो. एका तुकडीत १२ हून जास्त पोरं नकोत. एका गाडीत एका वेळी तिघांचेच हात पोचतात.

तासांची वाटणी आम्ही अशी करू : ४० तास मोजमाप आणि सुरक्षितता, त्यात एअरबॅग, इंधनटाकी आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टच्या, केबलला का शिवायचं नाही हे, ६० तास वायर, फ्यूज, क्रिंपिंग, सोल्डरिंग, ५० तास डेक, कपलर, कॅन डिकोडर, ५० तास ॲम्प, गेन, क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगवेगळ्या स्पीकरला वाटणारा), डीएसपी, ३० तास पेटीचं गणित आणि सुतारकाम, २० तास दोष शोधणं, आणि ५० तास दुकानावर, खऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियमही त्यातच शिकवा: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. शिवाय ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो. १०० डेसिबलला पाव तास. डीजेच्या गाडीवर उभं राहणाऱ्या पोराला हे कोणी सांगितलेलं नाही, आणि कान परत येत नाहीत.

साहित्याचा खर्च फार नाही. स्क्रॅपिंग केंद्रांतून दोन-तीन मॉडेलचे दरवाजे, डॅशबोर्ड आणि पूर्ण वायरिंग हार्नेस घ्या आणि लोखंडी फ्रेमवर उभे करा. डीसी करंट मोजणारे चार क्लॅम्प मीटर, सहा मल्टिमीटर, हायड्रॉलिक क्रिंपर एक, रॅचेट क्रिंपर सहा, १३.८ व्होल्टचा ६० अँपिअरचा सप्लाय दोन, एक स्कॅन टूल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र). ऑसिलोस्कोप आयटीआयत असतोच.

लहान दुकानांसाठी पाच-सहा दुकानांचा गट धरा, आयटीआयनं त्यांची नोंद ठेवावी आणि ते ५० तास तिथं मोजावेत; पोराच्या नावे कागद तयार होईल. वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांसाठी पूर्वानुभवाच्या मान्यतेची परीक्षा घ्या, पण ती खऱ्या गाडीवर, मीटर हातात देऊन. अर्ध्या दिवसाचं व्याख्यान ऐकवून प्रमाणपत्र वाटू नका. संस्था व्यवस्थापन समितीत कारखान्याच्या माणसासोबत तालुक्यातला एक वाहन-वायरिंगचा कारागीर बसवा. आणि प्रत्येक ट्रेडमधून पास झालेली पोरं वर्षभरानंतर काय करतात, ती यादी नावाविना, कामाच्या प्रकारासह, दरवर्षी प्रवेशाआधी आयटीआयच्या फाटकावर लावा. बाप ती वाचेल.

आमच्याकडून आम्ही देतो ते असं: वर्ग सुरू झाला तर आठवड्यातून एक दिवस शिकवायला बिनापगारी येऊ. जळलेले ॲम्प, फाटलेले वूफर, वितळलेल्या वायरी, चुकीचे फ्यूज हे सगळं आमच्या दुकानांत पोत्यानं पडलेलं आहे; दोष शोधायला याहून चांगलं साहित्य विकत मिळत नाही, ते आणून देऊ. ५० तासांसाठी बाक मोकळा ठेवू, आणि त्या तासांत पोराला चहा आणायला पाठवणार नाही, हे लिहून देऊ.

पुढच्या प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज उघडण्याआधी या पत्राचं लेखी उत्तर मिळावं. ‘नाही’ असेल तर कारणासह मिळावं, म्हणजे जूनमध्ये दुकानावर येणाऱ्या बापाला आम्ही ते वाचून दाखवू शकू.

आपले,
विदर्भातल्या तालुक्यांच्या गावी गाड्यांचं वायरिंग आणि साउंडचं काम करणारे कारागीर